कानामागची ठिणगी

प्राची गायधनीचा ब्लॉग दिवाळीनंतर आपोआप बंद पडला. कुणी बंद केला नव्हता. उभ्या सायकलची हवा उतरत जावी तसा तो बसत गेला. ‘काचपट्टी’ त्याचं नाव. सिन्नरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती तंत्रज्ञ होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे जे दिसेल त्यावर लिहायची. डबक्यातल्या थेंबात पळणारे जीव, कांद्याच्या पापुद्र्यातल्या विटा, फुलपाखराच्या पंखावरची कौलं. वाचक मूठभर होते, पण होते.

मग विषय सुचेनासे झाले. सुचला तरी लिहावासा वाटेना. नवरा निरंजन म्हणायचा, “रोज ठरलेल्या वेळी बस. सुचो न सुचो, बस.” ती बसायची. चहा गार व्हायचा, ओळ काही उमटायची नाही. पुढे पुढे निरंजननंही सांगणं सोडलं, कारण त्याचंच काही ठीक चाललं नव्हतं. त्याचे गणिताचे क्लास होते. मुलं घरबसल्या यंत्राकडून शिकू लागली, तसे बाक रिकामे होत गेले आणि एके दिवशी त्यानं पाटी उतरवली.

त्याच सुमारास बाजारात ‘ठिणगी’ आली.

रुपयाच्या नाण्याएवढी चकती, कानामागे चिकटवायची. बनवणारी ‘उन्मेष’ ही कंपनी नाशिकची, म्हणून घराजवळचं कौतुकही होतंच. ठिणगीमागचं विज्ञान तसं जुनं होतं. माणसाला एखादी कल्पना सुचते तेव्हा मेंदूत दोन लांबच्या आठवणी अचानक जोडल्या जातात. त्याआधी क्षणभर डोळ्यांकडून येणारी वर्दळ मंदावते, जणू मेंदू स्वतःच पापणी मिटतो, आणि लगेच उजव्या कानशिलाच्या आत विजेची एक वेगवान लहर उसळते. हे शास्त्रज्ञांना कधीपासून माहीत होतं. नवीन कळलं ते असं, की अशा लहरी दिवसभर उठत असतात, पण बहुतेक इतक्या दुबळ्या असतात की आपल्याला जाणवण्याआधीच विझतात. म्हणजे माणसाला सुचत नाही असं नसतंच. सुचलेलं वर येत नाही, एवढंच.

ठिणगी अशी दुबळी लहर टिपायची आणि त्याच क्षणी त्या जागी अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडायची. चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा. निखारा पेटायचा, आणि माणूस म्हणायचा, “अरे, हे सुचलं!”

प्राचीनं ती लावली आणि दुसऱ्याच दिवशी भाजी निवडताना तिला विषय सुचला. मग गाडी चालवताना. मग नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना. ती आठवड्यातून दोनदा लिहू लागली, नंतर रोज. जेवताना निरंजनला सांगताना तिचे डोळे चमकायचे.

“तुला पूर्वीसारखं बघून बरं वाटतंय,” तो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता.

हळूहळू विषय बदलले, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. पाण्याचे थेंब, पंख, परागकण मागे पडले आणि माणसं आली. शेजारच्या काकूंचा हट्ट, लॅबमधले रुसवे, स्वतःच्या आईशी झालेलं जुनं भांडण. वाचक वाढत चालले. काहीतरी बोचरं लिहिलं की ते दुपटीनं वाढत. आणि एका दुपारी, न्हाणीघरात नळ वाहण्याचा आवाज ऐकत असताना, तिच्या डोक्यात लख्खकन एक ओळ पेटली. ती लगेच लिहायला बसली. उठली तेव्हा लेख पुरा झाला होता.

लेखाचं नाव होतं ‘नळ सोडून रडणारा माणूस’. क्लास बंद पडल्यावर निरंजन रोज न्हाणीघरात जाऊन, आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ मोठा करून रडायचा, हे तिनं त्यात लिहिलं होतं. प्रेमानं लिहिलं होतं, हेही खरं. नाव घातलं नव्हतं. पण सिन्नरमध्ये ‘काचपट्टी’ कुणाची आणि तिचा नवरा कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक.

लेख लाखो लोकांनी वाचला. निरंजनला तो कळला केशकर्तनालयात. मानेभोवती कापड बांधलेलं, हातात कात्री धरलेला नाभिक हळूच म्हणाला, “सर, मन हलकं करा. आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत.”

घरी आल्यावर तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, “मला एकदा विचारायचं होतंस ना?”

“निरंजन, किती लोकांनी लिहिलंय बघ, की त्यांनाही धीर आला...”

“त्यांना आला. माझं काय?”

तिला सुचलं ते असं, की या भांडणावरही छान लेख होईल. अगदी त्याच क्षणी, त्याच्या डोळ्यांत बघत असताना सुचलं, आणि ती मनातून हादरली.

निरंजनला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. “ते कानामागचं काढून ये,” तो म्हणाला. “मग बोलू.”

तिनं चकती काढली, डबीत ठेवली. ते बोलले, पण बोलण्यात काही उरलं नव्हतं. तो मोजून बोलायचा, बँकेतल्या खिडकीपाशी बोलावं तसा. आणि तिचं डोकं तर पूर्वीपेक्षा रिकामं झालं. लिहायला बसलं की शब्दच येत नव्हते. हिंमत करून तिनं नाशिक गाठलं.

‘उन्मेष’मध्ये तिला देवयानी कुलथे भेटली. ठिणगीच्या मूळ संशोधनात असलेली, पस्तिशीची, साध्या खादी कुर्त्यातली बाई. प्राचीनं तिला सगळं सांगितलं. नळाचंही.

देवयानीनं समोरची वही मिटली. मग म्हणाली, “प्राचीताई, एक गोष्ट आम्ही मोठ्या अक्षरांत सांगायला हवी होती. मेंदूत दिवसभरात शेकडो लहरी उठतात. सगळ्यांवर फुंकर घातली तर माणूस वेडा होईल. मग कुठल्या लहरीवर घालायची? यंत्राला निवड करावी लागते. कंपनीनं ठरवलं, की तुमच्या कुठल्या लेखाला किती वाचक आले ते यंत्र बघेल. ज्या जातीच्या लहरींमधून जास्त वाचले जाणारे लेख निघाले, त्याच जातीच्या लहरी ते पेटवेल. याला आम्ही वाचक-तोल म्हणतो.”

“म्हणजे बाकीच्या विझवल्या?”

“विझवल्या नाहीत. फक्त फुंकर घातली नाही.”

“विझणाऱ्याला दोन्हींत काय फरक पडतो?”

देवयानीनं मान खाली घातली. मग तिनं संगणकाचा पडदा प्राचीकडे वळवला. पडद्यावर प्राचीच्या लहरींचा इतिहास होता. पेटवलेल्या लहरी तांबड्या, सोडून दिलेल्या करड्या. करड्यांच्या गर्दीत एक आकार पुन्हा पुन्हा दिसत होता. त्याच वळणाची लहर, कित्येक आठवडे, आणि दर वेळी लॅबच्या कामाच्या वेळातच.

“हे मी क्वचित पाहते,” देवयानी म्हणाली. “एकच जोडणी तुमचा मेंदू करू बघतोय. सोडत नाहीये. यंत्रानं दर वेळी ठरवलं, याला वाचक नाहीत.”

“कशाबद्दल आहे ती?”

“ते आम्हाला कधीच कळत नाही. ठिणगी पडली एवढं यंत्राला दिसतं. कशाची पडली, ते फक्त तुम्हाला कळणार.”

प्राचीनं तिच्याकडून वाचक-तोल शून्यावर आणून घेतला. देवयानी म्हणाली, “असं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आता यंत्र वारंवार येणाऱ्या लहरीला आधी फुंकर घालेल, मग ती कुणी वाचो न वाचो.”

घरी आल्यावर तिनं निरंजनला सगळं सांगितलं. “फक्त लॅबमध्ये लावीन. घराच्या दारात काढीन.” “बघू,” तो मोजूनच म्हणाला.

लॅबमध्ये बरेच दिवस काहीच घडलं नाही. रक्तातल्या पेशी मोजायचं काम कधीच यंत्रांकडे गेलं होतं. पण लॅबच्या मालक डॉ. नाझनीन मुल्ला जुन्या शिस्तीच्या होत्या. रक्त कमी निघालेल्या मुलाची काचपट्टी माणसानं डोळ्यांनी बघायचीच, असा त्यांचा नियम होता. मग एका दुपारी प्राचीपुढे ओवी पगार नावाच्या एका मुलीची काचपट्टी आली. फिकट तांबड्या पेशी, आणि काही पेशींच्या आत बारीक निळे ठिपके. कुणी निळ्या शाईचा ब्रश झटकावा तसे.

लोह कमी, थॅलेसेमियाही असू शकेल, असं नेहमीसारखं लिहायला तिनं हात उचलला, आणि कानशिलात काहीतरी पेटलं.

हे ठिपके तिनं पूर्वीही पाहिले होते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुलांचे. एकेक पट्टी बघताना प्रत्येक वेळी साधं कारण पुरेसं वाटलं होतं. पण त्या सगळ्या मुलांचा पत्ता एकच होता, लिंबमळा. लिंबमळ्याच्या बायका रक्त द्यायला येताना एकच तक्रार सांगायच्या, पोर सारखं पोट धरून बसतं. आणि लिंबमळ्यावरून घरी जाताना संध्याकाळी गाडीवर तिच्या घशात एक आंबूस धूर जायचा. वस्तीलगतच्या एका पत्र्याच्या शेडमधून. घरोघरी नव्या सोडियमच्या बॅटऱ्या आल्या तेव्हापासून इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात निघत होत्या, आणि त्या शेडमध्ये फोडून वितळवल्या जात होत्या.

शिसं. जुन्या बॅटऱ्यांत तेच असतं.

ती धावतच डॉ. मुल्लांच्या खोलीत गेली. “मॅडम, शिसं आहे. लिंबमळ्यात मुलांच्या अंगात शिसं जातंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “थॅलेसेमिया मायनरमध्येही ठिपके दिसतात, प्राची.”

“दिसतात. पण तो आई-बापांकडून येणारा आजार. एका वस्तीतल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या इतक्या मुलांना?”

डॉ. मुल्लांनी स्वतः जुन्या काचपट्ट्या काढायला लावल्या. दोघींनी मिळून त्या पाहिल्या. शेवटची पट्टी बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाल्या, “या प्रत्येकीवर माझी सही आहे. चल, पोरांचं रक्त पुन्हा घेऊ. शिसं मोजायला नाशिकला पाठवू. मी येते तुझ्याबरोबर.”

लिंबमळ्यात मात्र त्यांना कुणी चहा विचारला नाही. ओवीची आई वंदना पगार दारातच उभी राहिली. तिचा नवरा त्याच शेडमध्ये कामाला होता, अर्धी वस्तीच तिथे होती.

“रक्त कशाला पायजे परत?” वंदना म्हणाली. “मी वाचते तुमचं मोबाइलवर. घरच्या माणसाचं रडणं लिवलं तुमी. आता आमच्या पोरांचं रक्त लिवणार का?”

मागे जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. प्राचीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. दोघी परत फिरल्या.

घरी तिनं निरंजनपुढे सगळं जसंच्या तसं ठेवलं. ठिपके, धूर, वंदनाचं बोलणं. तो ऐकत राहिला. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं.

“शिसं अंगात जाऊन होतं काय?”

“रक्त बनत नाही. पण सगळ्यांत वाईट म्हणजे मेंदू. लहान मुलाचा मेंदू वाढीला लागलेला असतो, आणि शिसं तिथे जाऊन बसतं. मुलं मंद होतात, चिडचिडी होतात. गेलेलं सगळं परत येत नाही.”

“माझ्या शेवटच्या वर्गात लिंबमळ्याची मुलं होती,” निरंजन सावकाश म्हणाला. “साधी वजाबाकी विसरायची. मी ओरडायचो त्यांच्यावर.” तो उठला आणि चपला घालू लागला. “चल.”

दुसऱ्यांदा ते गेले तेव्हा वस्तीच्या मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. निरंजनला बरेच जण सर म्हणून ओळखत होते. तो पारापुढे उभा राहिला.

“माझ्या बायकोनं माझ्यावर लिहिलं, मला न विचारता,” तो म्हणाला. “तुम्ही सगळ्यांनी ते वाचलंय. मला फार लागलं. अजून लागतंय. आज ती तुम्हाला विचारायला आलीय. तुम्ही नाही म्हणालात तर एक अक्षर लिहिणार नाही. पण रक्त द्या. लिहिण्यासाठी नको, पोरांसाठी द्या.”

प्राची पुढे झाली. “काय दिसलं ते आधी तुम्हाला सांगेन. इथेच, सगळ्यांसमोर. मग लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

मग वंदनाचा नवरा दत्तू उठला. त्याच्या हातांच्या रेघांत काळी भुकटी बसलेली होती. “आदी माजं घ्या,” तो म्हणाला आणि बाही वर केली. “मंग ओवीचं.”

नाशिकहून निकाल आले ते भीती होती त्याहून वाईट होते. वस्तीतलं एकही मूल सुटलं नव्हतं. प्राचीनं दिलेला शब्द पाळला. पारावर उभं राहून तिनं सांगितलं, की शिसं धुरातून येतं, मातीतून येतं, कामावरच्या कपड्यांतून घरात येतं. आपल्या तांबड्या पेशी तयार होताना जुना कचरा झाडून टाकतात. शिसं त्या झाडूलाच लुळं करतं, आणि न झाडलेला कचरा निळे ठिपके होऊन दिसतो. बायका रडल्या. दत्तू स्वतःच्या शर्टाकडे बघत राहिला.

“लिवा,” वंदना म्हणाली. “नावासकट लिवा. माज्या पोरीचं नाव घाला. लपवायचं शेडवाल्यांनी, आपण कशाला?”

प्राचीनं तो लेख घरी लिहिला, चकती न लावता. एक वाक्य लिही, खोड, पुन्हा लिही. पण थांबावंसं एकदाही वाटलं नाही. लिहावंसं का वाटत नाही, या प्रश्नाशी ती कितीतरी दिवस झुंजली होती. आता तो प्रश्नच उरला नव्हता. ओवीला कळेल इतकं सोपं लिहायचं, एवढंच डोक्यात होतं. निरंजन शेजारी बसून वाचत होता. “इथे आकडे फार झाले,” तो म्हणायचा, किंवा “हे पुन्हा सांग, मला समजलं नाही.”

उत्सुकतेपोटी तिनं तयार लेख वाचकांचा अंदाज सांगणाऱ्या ठिणगीच्या अॅपमध्ये घातला. यंत्रानं उत्तर दिलं: वाचक नगण्य, विषय बदलावा. दोघंही मोठ्यानं हसले. त्या घरात पुष्कळ दिवसांनी असं हसू आलं. तिनं लेख प्रसिद्ध केला.

पहिल्या दिवशी यंत्राचंच खरं ठरलं. कुणी फिरकलं नाही. मग कळवणच्या एका तंत्रज्ञाचा निरोप आला, “ताई, असेच ठिपके मलाही दिसलेत. पत्ते तपासतो.” मग मालेगावहून एकाचा. मग जळगावहून, धाराशिवहून. गावोगावच्या लॅबमध्ये बसलेली माणसं सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसून पुन्हा वाकून बघू लागली होती. सगळीकडे नव्हतं, पण जिथे होतं तिथे शेजारी पत्र्याची शेड होती. तुकड्यातुकड्यांनी जे कुणाला दिसत नव्हतं, ते आता एकत्र दिसलं, आणि सरकारला बघावंच लागलं. डॉ. मुल्ला प्रत्येक बैठकीला काचपट्ट्या घेऊन गेल्या. “आधी बघा, मग बोला,” असं म्हणून त्या अधिकाऱ्यांना सूक्ष्मदर्शकावर वाकायला लावायच्या.

लिंबमळ्याची शेड उठली. तिच्या जागी, वस्तीपासून लांब, धूर कोंडून धरणारा बंदिस्त कारखाना आला आणि दत्तूसारख्यांना त्यात तोंडावर मुखवटा, अंगावर कंपनीचे कपडे आणि निघताना आंघोळ अशा अटींवर काम मिळालं. त्या अटी वस्तीनंच घालून घेतल्या होत्या. वरची माती खरवडून नेली गेली. ज्यांना गरज होती त्या मुलांना औषधं सुरू झाली. निरंजननं पाराशेजारी शाळेच्या खोलीत गणिताचा वर्ग पुन्हा सुरू केला. तिथे यंत्र नव्हतं, कारण या मुलांना घाईनं शिकवून चालणार नव्हतं, आणि घाई न करणं त्याला आता जमत होतं.

देवयानीनं कंपनीत भांडण काढलं. सोपं नव्हतं ते. पण तिच्या हातात प्राचीची करडी लहर होती, आणि त्या लहरीमुळे किती मुलं वाचली ते आता सगळ्या राज्याला माहीत होतं. पुढच्या ठिणग्या आल्या त्या वाचक-तोल बंद ठेवून. तो हवा असेल त्यानं मुद्दाम सुरू करायचा.

पुढच्या वर्षी होळीनंतरच्या एका रविवारी प्राची सूक्ष्मदर्शक घेऊन लिंबमळ्याच्या शाळेत गेली. ओवीचं नवीन रक्त तिनं मुलीच्या आईसमोरच काचेवर पसरलं, रंगवलं, आणि वंदनाला म्हणाली, “तुम्ही बघा.”

वंदनानं पदर खोचला, एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. बराच वेळ ती हललीच नाही. आत स्वच्छ, गोल, गुलाबी पेशींचा सडा पडला होता.

“हे माज्या ओवीचं?” ती म्हणाली. “अगं बया. अंगात एवढं देखणं असतं, आन् आमाला कुणी दाखवलंच नाही कधी.”

मागे रांग लागली. कुणी चुलीची राख आणली, कुणी विहिरीचं पाणी, कुणी लिंबाच्या पानावरची बुरशी. “हे बघा,” “आदी माजं,” असा गलका झाला. प्राची एकेक पट्टी लावत होती आणि एकेक बाई वाकून बघत होती, आणि बघून झाल्यावर दुसरीला सांगत होती. त्या सांगण्याला एक लय होती.

“वंदनाताई, हे तुम्हीच लिहा ना,” प्राची म्हणाली.

“मी? सातवी शिकलेली बाई काय लिवणार?”

“आत्ता जे बोललात ते.”

“आन् नाही सुचलं तर?”

प्राचीनं खोलीभर पाहिलं. हातात वाट्या, पानं, डबे घेऊन बायका दारापर्यंत उभ्या होत्या, आणि शेवटची अजून अंगणातच होती.

“सुचेल,” ती म्हणाली. “रांग बघितलीत का?”

वंदना खळखळून हसली. मग पदराला हात पुसून तिनं मोबाइल काढला, भिंतीला टेकून बसली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत लिहू लागली.